बोळा, बोंडलं आणि चुसणी

आपण भोळे नाही हे ठणकावून सांगायचं असलं की मराठी माणूस म्हणतो, मी काही बोळ्यानं दूध पीत नाही. हे म्हणणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आता बोळा उभा राहत नाही. बोळा म्हणजे धुवट मऊ कापडाची किंवा पिंजलेल्या कापसाची बोटभर गुंडाळी. आईला दूध नसलं, आई बाळंतपणात गेली, किंवा मूल इतकं अशक्त असलं की त्याला ओढता येईना, तर घरातली एखादी बाई त्याला मांडीवर घेऊन बसायची, वाटीतल्या कोमट दुधात बोळा बुडवायची आणि ओठांना लावून थेंब थेंब पिळायची. बोळ्याच्या पुढची पायरी बोंडल्याची. पितळेची, ऐपत असली तर चांदीची, पसरट आणि एका बाजूला चोच काढलेली ही तळहातात मावणारी वाटी. तिच्या चोचीतून पातळ केलेलं दूध किंवा उगाळलेली घुटी लेकराच्या गालाच्या आतल्या अंगाला हळूच सोडायची. वऱ्हाडातल्या मोर्शीच्या मुलखात बोंड म्हटलं की आधी कपाशीचं बोंड आठवतं. स्तनाच्या टोकालाही बोंडच म्हणतात, आणि दूध पाजायच्या भांड्याचं नाव बोंडलं. शेत, आईचं अंग आणि लेकराचं तोंड ही तिन्ही इथं एकाच शब्दाच्या आजूबाजूला आहेत.

चुसणी त्या मानानं नवी. वऱ्हाडी बोलीत ती ‘चुसनी’ होते, पुस्तकी मराठीत चोखणी. रबराचं किंवा सिलिकॉनचं पोकळ बोंड, त्यामागं ओठांना अडवणारी प्लॅस्टिकची चकती, चकतीला कडी. कडीत दोरा ओवला की गळ्यात अडकवता येते. तिच्यामुळे मुलांचे पुढचे दात वाकतात, वरच्या-खालच्या दातांत फट राहते, टाळू अरुंद होतो, असं दंतवैद्य सांगतात आणि ते खरं आहे. पण एवढ्यावर थांबलं की वाद वस्तूभोवती फिरत राहतो. एक जण ती विषासारखी टाकून द्या म्हणतो, दुसरा म्हणतो एवढं काय त्यात. माझ्या मते प्रश्न वस्तूचा कमी आणि तासांचा जास्त आहे. दात तास मोजतात. आणि लेकराच्या तोंडातल्या वस्तूचे तास वाढतात ते त्याच्याजवळचा माणसाचा हात दूर जातो तेव्हा. बोळा धरायला हात लागायचा, बोंडलं धरायला हात लागायचा. हात उचलला की ते तोंडातून निघायचं. चुसणीला धरून ठेवावं लागत नाही. म्हणून वऱ्हाडातला चुसणीचा इतिहास लिहायचा तर तो लेकराजवळून हात कसकसा उठला याचा इतिहास लिहावा लागतो, आणि तो इतिहास कापसातून जातो.

हा इतिहास पोथ्या-दप्तरांत शोधायला गेलं तर हाती फार थोडं लागतं. मोर्शी तालुक्यातलंच ऋद्धपूर हे महानुभाव पंथाचं मोठं क्षेत्र. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी गोविंदप्रभूंच्या लीळा लिहिल्या आणि मराठी गद्याला पहिलं बळ दिलं ते याच गावाच्या आधारानं. माणसाचं उठणं-बसणं, खाणं-पिणं बारकाईनं टिपणारी ती परंपरा. पण तान्ह्याच्या तोंडात काय दिलं जायचं ही बाळंतिणीच्या खोलीतली गोष्ट, आणि त्या खोलीत लेखणी सहसा शिरली नाही. शिरली ती वैद्यांची. चरकसंहितेच्या शारीरस्थानात मुलाची खेळणी कशी असावीत ते सांगितलं आहे: रंगीत, आवाज करणारी, हलकी, टोक नसलेली, घाबरवणार नाहीत अशी, आणि तोंडात शिरणार नाहीत अशी. ही शेवटची अट किती विचारानं घातली आहे ते लक्षात घ्यावं. काश्यपसंहितेत दात येण्यावर एक स्वतंत्र अध्यायच आहे. बत्तीस दातांपैकी आठ एकदाच उगवतात आणि बाकीचे दोनदा जन्मतात, म्हणून दाताला द्विज म्हणायचं, हा हिशेब त्यात मांडला आहे. दुधाचे दात आणि कायमचे दात ही दोन पिकं आहेत आणि पहिल्याचा दुसऱ्याशी संबंध आहे, हे इथल्या वैद्यकाला फार आधीपासून ठाऊक होतं. राहिलेला पुरावा भाषेत आहे, वाक्प्रचारांत आहे, आणि माजघरातल्या फळीवर पडून राहिलेल्या बोंडल्यांत आहे.

टाळू या शब्दाकडेच पाहू. मराठीत टाळू दोन आहेत. एक तान्ह्याच्या डोक्यावरचा, जिथं हाड अजून जुळलेलं नसतं आणि हात ठेवला तर धकधक लागते; तो रोज तेलानं भरायचा. दुसरा तोंडातला, जिभेच्या वरचा. आपल्या आज्यांनी वरच्या टाळूची काळजी घेतली, कारण तो दिसत होता. पण तोंडातला टाळूही त्या वयात तितकाच घडत असतो. त्याला आकार देणारं हत्यार म्हणजे जीभ. मूल अंगावर पितं तेव्हा नुसतं ओढत नाही. ते तोंड मोठं उघडून स्तनाचा बराचसा भाग आत घेतं. मऊ बोंड लांबून जवळजवळ टाळूच्या मऊ भागापर्यंत जातं, जीभ त्याला खालून वर दाबते, खालचा जबडा पुढं-मागं होतो. आईचं बोंड टाळूच्या आकाराचं होतं. ते टाळूवर आपला आकार लादत नाही. असं दिवसाकाठी आठ-दहा वेळा, महिनोन्महिने. जिभेचा दाब टाळूला आतून रुंद ठेवतो, जबड्याचे स्नायू कामाला लागतात, नाकानं श्वास घेण्याची सवय पक्की होते.

चुसणीत हे उलटं होतं. रबराचं बोंड आपला आकार सोडत नाही. ते टाळू आणि जीभ यांच्यामध्ये बसतं, म्हणून जीभ खाली आणि मागं ढकलली जाते. टाळूला आतून आधार देणारी जीभ गेली, आणि चोखताना गाल मात्र बाहेरून आत दाबत राहिले. त्या दाबाखाली वरची कमान सुळ्यांच्या जागी अरुंद होते आणि टाळू उंच, खोल होतो. मग वरच्या दाढा खालच्या दाढांच्या बाहेर बसायच्या त्या आत बसतात. दंतवैद्य याला क्रॉसबाइट म्हणतात. समोरच्या बाजूला वेगळंच घडतं. वरचे-खालचे चार-चार दात उगवून एकमेकांपर्यंत पोचायचे, पण मध्ये रबर अडसरासारखं असतं, म्हणून ते अर्ध्यावर थांबतात. दाढा मिटल्या तरी समोर चुसणीच्या आकाराची गोल फट उरते. हा ओपन बाइट. असं लेकरू भाकरीचा तुकडा समोरच्या दातांनी तोडू शकत नाही, बाजूनं तोडतं. त्या फटीतून जीभ पुढं येते, आणि ‘स’ किंवा ‘चांदणं’मधला ‘च’ यांसारखे दातांपाशी घडणारे वर्ण फसकतात. जी मुलं सहा महिन्यांनंतरही सारखी चुसणी तोंडात ठेवतात त्यांना कान फुटण्याचा, मधल्या कानाच्या सुजेचा त्रास अधिक होतो, हेही बालरोगतज्ज्ञांनी नोंदवलं आहे.

आता तासांचा मुद्दा. चोखण्याचा जोर किती यापेक्षा तो किती वेळ टिकतो याला दात जास्त मानतात. वाकडे दात सरळ करण्याच्या शास्त्रात अमेरिकेच्या विल्यम प्रॉफिट यांनी १९७८ मध्ये मांडलेला समतोलाचा विचार आजही पायाभूत मानला जातो. चावताना दातांवर येणारा दाब प्रचंड असतो, पण तो क्षणाचा. त्यानं दात हलत नाहीत. ओठ, गाल आणि जीभ यांचा हलकासा दाब मात्र दिवसात साधारण सहा तास किंवा त्याहून जास्त टिकला की दात सरकू लागतात. तारा लावून दात सरळ करण्याची विद्या याच नियमावर उभी आहे. म्हणून झोप लागेपर्यंत दहा मिनिटं चोखणारं आणि दिवसभर गळ्यात दोरा घेऊन फिरणारं अशी दोन मुलं एकाच दुकानातली चुसणी वापरत असली तरी त्यांच्या तोंडांचा इतिहास वेगळा होतो. दिवसाच्या तासांना पुढं वर्षांनी गुणायचं. आयोवा विद्यापीठात मुलांना जन्मापासून बघत केलेल्या अभ्यासात वॉरन आणि बिशारा यांना दिसलं की चार वर्षांपलीकडे सवय राहिलेल्यांत बिघाड सर्वांत जास्त होता, पण दोन वर्षांनंतर सोडलेल्यांतही काही खुणा उरल्या होत्या. अमेरिकेतल्या बालदंतवैद्यांची संघटना छत्तीस महिन्यांच्या आत सवय सोडवा म्हणते, ती यामुळेच.

सहा तास हा आकडा मनात ठेवून वऱ्हाडाच्या गेल्या दीडशे वर्षांकडे पाहावं. १८५३ मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. पुढं अमेरिकेतल्या यादवीमुळे, १८६१ ते ६५ च्या दरम्यान, तिकडचा कापूस थांबला आणि इकडच्या काळ्या जमिनीला सोन्याचा भाव आला. आगगाडी आली, अमरावती-खामगावच्या बाजारपेठा फुगल्या, सरकी काढायची जिनं आणि गाठी बांधायचे प्रेस उभे राहिले. कापूस वेचायचं काम बायांचं; जिनात सरकी काढायच्या यंत्रापुढे कापूस लोटायचं कामही बहुतेक बायांचंच. १८९१ च्या फॅक्टरी कायद्यानं कारखान्यातल्या बाईचा दिवस अकरा तासांवर आणला, आणि हा कायदा त्या काळी सुधारणा म्हणून गणला गेला. अकरा तास कामावर असलेल्या बाईच्या तान्ह्यानं काय करायचं? शेतात असली तर बाभळीला किंवा निंबाला लुगड्याची झोळी बांधता यायची. ओळीच्या टोकाला आलं की लेकराला घ्यायचं, पाजायचं, पुन्हा दुसऱ्या ओळीला लागायचं. थोरल्या पोरीला झोका द्यायला बसवायचं. म्हणजे हात दूर गेला तरी हाकेच्या अंतरावर होता. जिनाच्या धुरळ्यात तेही नव्हतं.

या रिकाम्या जागेत जी वस्तू आली ती अफू. मोहरीएवढी गोळी दिली की लेकरू निपचित पडून राहायचं. पश्चिम भारतात तिला बाळगोळी म्हणत. १८९३ मध्ये नेमलेल्या अफू आयोगापुढे देशाच्या अनेक भागांतून तान्ह्यांना अफू देण्याच्या चालीच्या साक्षी आल्या. पुढं १९२९ मध्ये नेमलेल्या व्हिटली आयोगानं मजुरांच्या हालअपेष्टांची पाहणी केली, तेव्हाही गिरणीतल्या बायांनी कामावर जाताना मुलांना अफू देण्याचा प्रकार जिवंत होता. याला आईचं अज्ञान म्हणणं सोपं आहे. पण घरी बसून लेकराला मांडीवर घेता येत असलं तर कुणी त्याला अफू चारत नाही. अफूचा गुण एकच होता: तिला हात लागत नव्हता. मला अफूचा आणि चुसणीचा वंश इथं एक दिसतो. दोन्हींची घातकता सारखी नाही, अजिबात नाही. अफूनं जीव घेतले, चुसणी बहुधा दातच वाकवते. तरी दोन्ही एकाच पोकळीत आल्या.

हीच गोष्ट युरोप-अमेरिकेत रबराच्या वाटेनं घडली. तिथंही आधी चिंधी होती. साखर किंवा पाव बांधलेली पुरचुंडी मुलांना चोखायला देत. जर्मन चित्रकार ड्यूररनं १५०६ मध्ये रंगवलेल्या मेरी आणि बाळ येशूच्या चित्रात बाळाच्या हातात तशी पुरचुंडी दिसते. अमेरिकेतल्या गुडइयरनं रबर टिकाऊ करण्याची रीत काढली आणि १८४५ मध्ये एलिजा प्रॅटनं रबरी बोंडाचं पेटंट घेतलं. त्यानंतर निघालेल्या बाटल्यांना लांब रबरी नळी असे. मूल पाळण्यात, बाटली शेजारी आणि नळीचं टोक तोंडात, पाजणाऱ्याची गरजच नाही. त्या नळीत जंतू साचून इतकी मुलं दगावली की इंग्रजीत त्या बाटल्यांना खुनी बाटल्या असं नाव पडलं आणि फ्रान्सनं १९१० मध्ये त्या कायद्यानं बंद केल्या. १९०० च्या सुमारास अमेरिकेत मायनेके नावाच्या कारखानदारानं बोंड, चकती आणि कडी अशी घडण पेटंट केली; मोर्शीच्या दुकानात आज टांगलेली चुसणी मुळात तीच. १९४९ मध्ये जर्मनीत बाल्टर्स आणि म्युलर या दोघांनी दातांना कमी त्रास देईल अशी चपट्या बोंडाची चुसणी काढली. चपटी असली म्हणून तास मोजायची गरज संपते असं मात्र सिद्ध झालेलं नाही.

वऱ्हाडात चुसणी आली ती डॉक्टरांच्या सल्ल्यानं आली नाही. ती प्लॅस्टिकच्या शिट्ट्या, खुळखुळे आणि रिबिनींबरोबर आठवडी बाजारात आणि जत्रांत आली, स्वस्त होती, म्हणून घराघरात गेली. त्याआधी जत्रेत लाखेनं रंगवलेलं लाकडी चोखणं मिळे. पण ते जड. दात शिवशिवणारं लेकरू ते दोन्ही हातांत धरून चावायचं आणि थोड्या वेळानं त्याच्या हातून सुटायचं. रबर सुटत नाही, आणि सुटलं तर दोरा आहे. त्या दोऱ्यावर माझा सर्वांत मोठा आक्षेप आहे. दोरा गळ्याला आवळून जीव जाऊ शकतो हे तर आहेच. शिवाय चुसणी पडली की कुणीतरी उठून द्यावी लागते, आणि त्या निमित्तानं तरी लेकराला ती नको की भूक लागली हे बघितलं जातं, तेवढीही संधी दोरा काढून घेतो. त्यात ती साखरेत, मधात किंवा गुळाच्या पाण्यात बुडवून द्यायची रीत. समोरचे वरचे दात उगवताच तपकिरी होऊन झिजतात, त्याला लोक दाताला कीड लागली म्हणतात. वर्षाच्या आतल्या मुलाला मध दिला तर मधातल्या जंतूंच्या बीजांपासून विषबाधेचाही धोका असतो.

आता यावर येणारे आक्षेप. पहिला, आणि तो वजनदार आहे: चुसणी नव्हती तेव्हा पोरं अंगठा चोखत होती, मग फरक काय पडला? खरं आहे, चोखणं ही गर्भातच सुरू होणारी ओढ आहे, ती कुणी लावलेली खोड नव्हे. अंगठा तर चुसणीहूनही अवघड, कारण तो काढून ठेवता येत नाही. शाळेत जाऊ लागलेल्या मुलांतही तो टिकतो आणि वरचे दात पुढं काढतो. म्हणून चुसणीची एक जमेची बाजू मान्य करायला हवी: तिला शेवट देता येतो. पण ज्या लेकराला भूक लागताच अंगावर घेतलं जातं, पुष्कळ महिने पाजलं जातं, त्याची चोखण्याची ओढ बरीचशी तिथंच भागते. २०१६ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकानं स्तनपानावरची जगभरची संशोधनं एकत्र मांडली. अंगावर प्यालेल्या मुलांत दातांची वाकडी ठेवण ६८ टक्क्यांनी कमी आढळली. त्याच मांडणीत असंही होतं की वर्षानंतर रात्रीचं पाजणं लांबलं आणि दात पुसले गेले नाहीत तर कीड वाढते. जुन्या रीतीचं कौतुक करताना हा दुसरा भाग गाळू नये.

दुसरा आक्षेप बालरोगतज्ज्ञांचा. झोपेत तान्ह्याचा अचानक मृत्यू होण्याचा धोका चुसणीनं कमी होतो, असं अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं २००५ मध्ये सांगितलं आणि झोपताना ती द्यावी असा सल्ला दिला. मग ती वाईट कशी? पण हा सल्ला पूर्ण वाचावा. अंगावर पिणं नीट जमल्यावर, म्हणजे साधारण महिन्यानं सुरुवात करायची. झोप लागल्यावर पडली तर पुन्हा तोंडात घालायची नाही. गळ्यात अडकवायची नाही. म्हणजे तिथंही सल्ला तासांचाच आहे. दुसऱ्या बाजूनं जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी १९८९ च्या दहा पायऱ्यांत अंगावर पिणाऱ्या मुलाला बोंड किंवा चुसणी देऊच नये असं म्हटलं होतं. २०१८ मध्ये ते मवाळ करून, आयांना तिचे धोके समजावून सांगा, असं केलं. या दोन सल्ल्यांत मला विरोध दिसत नाही. पहिल्या दिवसांत दूध उतरणं महत्त्वाचं, नंतर मोजून दिलेली चुसणी चालते, आणि दात आल्यावर ती काढायची घाई करायची.

तिसरा: दुधाचे दात पडणारच आहेत, कशाला चिंता? याचं अर्धं उत्तर दिलासा देणारं आहे. सवय वेळेवर सुटली, तर समोरची फट बहुतेक मुलांत आपोआप मिटत जाते, कारण ओठ आणि जीभ आपल्या जागी परत येतात. दुधाचे वीस दात तिसऱ्या वर्षापर्यंत येऊन होतात आणि पहिली कायमची दाढ सहाव्या वर्षी उगवते. मधल्या काळात दुरुस्तीला वाव आहे. उरलेलं अर्धं उत्तर तसं नाही. अरुंद झालेला टाळू आणि उलट्या बसलेल्या दाढा पुष्कळदा तशाच राहतात आणि कायमच्या दाढा त्याच चुकीच्या जागी उतरतात. मग टाळू रुंद करायची पट्टी, तारा, वर्ष-दोन वर्षांच्या खेपा. नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय १९६८ चं, पुढं अमरावतीतही दंत महाविद्यालय झालं, तरी कपाशीच्या मजुरीवर चालणाऱ्या घराला मोर्शीहून महिन्याच्या महिन्याला अशा खेपा परवडत नाहीत.

चौथा आक्षेप शास्त्रज्ञ मंडळी घेतात: वाकडे दात मुळात वंशानं येतात, किंवा मऊ अन्नानं, चुसणीला उगाच धोपटू नका. यात तथ्य आहे. मानववंशशास्त्रज्ञ रॉबर्ट कोरुचिनी यांनी उत्तर भारतातल्या खेड्यांतल्या आणि शहरातल्या तरुणांची तुलना १९८३ मध्ये मांडली, तेव्हा शहरी मुलांचे दात अधिक वाकडे निघाले. रक्त एकच, जेवण निराळं. ज्वारीच्या भाकरीवर, फुटाण्यांवर, मुरमुऱ्यांवर वाढलेल्या जबड्याला जे काम होतं ते दुधात बुडवलेल्या बिस्किटावर वाढलेल्याला नाही. पण हा मुद्दा माझ्या म्हणण्याला पूरकच ठरतो. बिस्किटाचा पुडाही लेकराच्या हाती देऊन बाजूला होता येतं; भाकरी चावून खायला शिकवायचं तर जवळ बसावं लागतं. तोंडाच्या वाढीला लागणाऱ्या बहुतेक चांगल्या गोष्टींची किंमत पैशात थोडी आणि वेळात जास्त आहे.

म्हणून जुना काळ सोन्याचा होता असा निष्कर्ष मी काढत नाही. बोळ्यानं पाजलेली किती मुलं जगली, असं विचारलं तर त्याचं उत्तर सुखाचं नाही. उष्टं कापड, न उकळलेलं पाणी आणि हगवण यांनी घरंच्या घरं रिकामी केली. पुण्याजवळच्या इनामगावला तीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत घराच्या जमिनीखाली मुलं पुरलेली सापडली, दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवलेली. त्यांच्या दुधाच्या दातांवर संशोधकांना अन्न कमी पडल्याच्या आणि आजारपणाच्या खुणा दिसल्या आहेत. दात तेव्हाही लेकराच्या घरची परिस्थिती लिहून ठेवत होते. उकळलेली वाटी-चमचा, लस, दवाखान्यातलं बाळंतपण हे नव्या काळानं दिलं आणि ते सोडायचं नाही. जुन्या काळातून घ्यायची ती एकच गोष्ट: लेकराच्या तोंडापाशी कुणाचा तरी हात.

हा हात कोण देणार, हा कायद्यानंही विचारलेला प्रश्न आहे. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यानं पन्नासहून अधिक बाया असतील तिथं पाळणाघर सक्तीचं केलं, १९७६ मध्ये ती संख्या तीसवर आणली. १९९२ च्या कायद्यानं दुधाच्या बाटल्यांची आणि त्यांच्या बोंडांची जाहिरात बंद केली. चुसणी त्यातून सुटली. अंगणवाड्या १९७५ पासून आहेत, पण त्यात बसतात ती तीन वर्षांवरची मुलं, आणि तीही दिवसातले थोडेच तास. चुसणीचं वय त्याआधीचं. मला सर्वांत शहाणी वाटते ती २००५ च्या रोजगार हमी कायद्यातली तरतूद. कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुलं आली, तर मजूर बायांपैकीच एकीला त्यांना सांभाळायला नेमायचं आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यायची. लेकराजवळच्या हाताची किंमत कायद्यात इतक्या सरळ शब्दांत क्वचितच मांडली गेली आहे.

मोर्शी-वरुडच्या शेतांत आणि बागांत ही तरतूद पोचली नाही, कारण ती सरकारी कामांवरची आणि इथलं काम खासगी. कपाशीची वेचणी किलोवर चालते. पाजायला थांबलेल्या प्रत्येक वेळी बाईचं वजन कमी भरतं. कपाशीच्या जोडीला संत्री. त्यांच्या आंबिया बहाराची तोड नोव्हेंबर-डिसेंबरात, मृगाची फेब्रुवारी-मार्चात. संत्र्याच्या प्रतवारीच्या मांडवात बाया दिवसभर बसून फळं निवडतात आणि लेकरं क्रेटांच्या आडोशाला असतात, गळ्यात दोरा घेऊन. या बायांना चुसणी वाईट आहे असं सांगायला जाण्यात अर्थ नाही. बागायतदारांना आणि व्यापाऱ्यांना मात्र सांगता येईल. दहा-पंधरा बायांची टोळी लावताना त्यात एक बाई लेकरांसाठी धरा, तिची मजुरी इतरांएवढी ठेवा, आणि पाजायला उठणाऱ्या आईचा तेवढा वेळ वजनातून कापू नका. येत्या हंगामात एका मांडवात हे सुरू करून पाहा.